दिवेलागणीनंतर थांबलेली अक्षरं

मी रस्त्याकडेचा लाल अक्षरांचा बोर्ड बोलतोय. जरा घाईत बोललो तर समजून घ्या. माझा जन्मच पळण्यासाठी झाला. उजवीकडून अक्षरं शिरणार, डावीकडून बाहेर पडणार. एक ओळ संपते न संपते तोच दुसरी मागून ढकलत येणार.

मला सोमनाथनं घडवलं. बारामतीला तो रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकला होता. पुण्याहून त्यानं बारके लाल दिवे आणले आणि शेळगावच्या अलीकडच्या आपल्या गावी, घराच्या ओट्यावर मला जोडत बसला. त्याची आई गोजरबाई एकेक दिवा पदरानं पुसून त्याच्या हाती देई. पहिल्यांदा माझ्या अंगावरून 'जयभीम' सरकलं, तेव्हा ती हरखून ओरडली, "आरं, ह्ये तर चालतंय की!"

सत्त्याण्णवच्या दिवाळीआधी बारामती–इंदापूर रस्त्यावर मला लोखंडी खांबांवर चढवलं. जागा वळणावरची. वळणावर गाड्या हळू होतात, लोक वाचतात, असा सोमनाथचा हिशेब. साड्यांची दुकानं, ठिबकच्या नळ्या, नव्या मोटारसायकली, सगळं माझ्या अंगावरून धावू लागलं. एसटीतली माणसं खिडकीतून माना काढून बघत. अर्धंच वाचून एसटी पुढं गेली, की मला चुटपुट लागे.

मग उसाचा हंगाम आला. बीडकडून तोडणीला आलेला भिमा आणि त्याची बायको आक्काबाई भरली गाडी घेऊन कारखान्याकडं निघाले होते. दिवेलागण झालेली. वळण घेतलं आणि समोर मी, लालभडक, पळता. बैल बुजले. भिमानं कासरा ओढला, पण एक चाक खाली उतरलं आणि गाडी रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत कलंडली. वर बसलेली आक्काबाई मोळ्यांखाली सापडली. तिचा पाय मोडला. माणसं धावली, आरडाओरडा झाला. आणि माझ्या अंगावरून साड्यांचा सेल पळतच होता. मला थांबताच येत नव्हतं.

गोजरबाई तेव्हा गावची सरपंच होती. तिनं ग्रामसभा बोलावली. सभा शाळेपुढं भरली आणि शाळा माझ्या पायथ्याशीच, त्यामुळं सगळं माझ्या कानावर पडलं.

सोमनाथ तावातावानं म्हणाला, "बैल ट्रकच्या दिव्यालाबी बुजत्यात. मग ट्रक बंद करायचं का?"

काहीजण हसले. उपसरपंच आप्पासाहेब म्हणाले, "बोर्डामुळं गावाचं नाव झालंय, बाई. ऱ्हाऊ द्या."

गोजरबाई उठली. "सोमा, भिमाची गाडी हितंच उभी हाय. वळणावरनं तू हाकून आण."

"मी कशाला, आई?"

"सरपंच म्हणून सांगतीया. आई म्हणून न्हाय."

दिवस मावळला होता. सगळी सभा रस्त्याकडेला सरकली. सोमनाथ रिकामी गाडी घेऊन वळणावर आला. मी मनातल्या मनात स्वतःला सांगत होतो, थांब, अरे थांब. बैलांनी माना फिरवल्या, जू करकरलं, गाडी आडवी झाली. सोमनाथनं कासरा सोडून उडी मारली. भिमानं धावत येऊन बैल धरले, म्हणून निभावलं. सोमनाथ रस्त्यातच उभा राहून माझ्याकडं बघत होता. समोरून येणाऱ्या गाडीवाल्याच्या नजरेनं त्यानं मला कधी पाहिलंच नव्हतं.

तिथंच ठराव झाला. रस्त्यालगत बोर्ड लावायचा तर आधी पंचायतीची परवानगी. वळणावर बोर्ड नको. दिवेलागणीनंतर अक्षरं हलायची नाहीत. पहिला हात गोजरबाईचा वर गेला. सोमनाथचा खालीच राहिला.

"ह्यातला दिवा न् दिवा तू पुसलायस, आई."

"व्हय. म्हणून तर मलाच बोलावं लागलं."

मला वळणावरून काढून सरळ रस्त्यावर उभं केलं. दिवसा पळायची मुभा आहे. पण इकडच्या उन्हात लाल दिवे कुणाला दिसतात? आणि दिसू लागण्याची वेळ झाली, की एकच ओळ अंगावर थिजवून ठेवायची! जाहिरातवाले एकेक करून गेले. आत वीज खेळत असते, अक्षरं कडेला येऊन रेटत असतात, जीव नुसता तळमळतो. सोमनाथनंही कितीतरी दिवस आईशी बोलणं टाकलं होतं.

पुढच्या हंगामात भिमाची गाडी पुन्हा आली. आक्काबाई उसावर बसली होती, पाय लांब करून. मी जरासुद्धा हललो नाही. तरी बैल माझ्या अलीकडंच थबकले. काही केल्या पाऊल टाकीनात.

सोमनाथ माझ्या वायरी बघायला आला होता. त्यानं पक्कड खाली ठेवली, पुढं होऊन बैलाची वेसण धरली आणि चुचकारत, माझ्याकडं पाठ करून, गाडी माझ्यासमोरून पार नेली.

"बोर्ड तर पळत न्हाय, उभाच हाय की आता," आक्काबाई म्हणाली.

"उभाच हाय, आक्का. पर ह्या मुक्यांना कसं सांगायचं?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी अंग आवळून उभा राहतो. अजून पळावंसं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण गाडीवाल्यांनो, माझ्या पुढ्यात आलात की चाबूक उगारू नका. खाली उतरा, बैलांच्या मानेवर हात ठेवा, आणि घडीभर त्यांना माझ्याकडं बघू द्या.