पोटातलं बिऱ्हाड

रुद्रच्या शीची दुसरी डबी तातेरावांनी स्वतःच्या हातानं भरली. साठ एकरांचा धनी, सोसायटीचा माजी चेअरमन, पण सकाळी सहाला नातवाच्या पॉटीसमोर स्टूल टाकून बसला. डबीला चिकटपट्टी लावली, पट्टीवर सही ठोकली. चतुराबाई ओसरीच्या पायरीवर उभी राहून बघत होती. एरवी तिला हसू आवरलं नसतं. आज मात्र तिचं सगळं लक्ष त्या डबीवर होतं.

चतुराबाई नाल्यापलीकडच्या बौद्धवाड्यातली. तातेरावांची सून वैष्णवी सेनगावला बँकेत जायची, म्हणून दीड वर्षाच्या रुद्रला दिवसभर चतुराबाई सांभाळायची. नियम तातेरावांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. लेकरू ओसरीवरच खेळवायचं. वाटी-चमचा घरचा, पाणी फिल्टरचं. नाला ओलांडायचा नाही. का, ते सांगायची गरज नव्हती. चतुराबाईचा चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला होताच. तिच्या कडेवर नातू चालत होता, तिचा कप घरात चालत नव्हता. धन्य ते घर!

रुद्र जन्मापासून किरकिरा. डब्याचं दूध झालं, हिंगोलीचे डॉक्टर झाले, अंगाला काही लागेना. एके दुपारी त्याची रड थांबेना, तेव्हा चतुराबाईनं त्याला सरळ आपल्या घरी नेलं. तिची नात साक्षी, त्याच्याच वयाची, अंगणात वरणात कुस्करलेली भाकरी खात बसली होती. पठ्ठ्या रांगत गेला आणि त्यानं तिच्या ताटलीत हात घातला. मग ते रोजचंच झालं. ताटली एक, भरवणारा हात एक, तोंडं दोन. शेळीच्या पिल्लांशी मस्ती, माती तोंडात, तोंड चतुराबाईच्या पदराला. चार महिन्यांत पोरगं गुटगुटीत झालं.

वैष्णवीला कळायला वेळ लागला नाही. लेकराच्या केसांना चुलीचा वास यायचा. सासऱ्यांच्या माघारी ती हळूच म्हणाली, "मावशी, नेत जा त्याला. फक्त मामायला कळू देऊ नका. काही झालंच तर मी हाये ना." चतुराबाईला तेव्हा केवढा धीर आला होता.

अशात शहरातून प्रियंका नावाची संशोधक पोरगी आली. लेकरू कसल्या घरात राहतं, काय पितं, कोणाच्या अंगाखांद्यावर वाढतं, त्यावर त्याच्या पोटात कोणते जंतू बिऱ्हाड थाटतात, याचा तिचा अभ्यास. रुद्र-साक्षीसकट गावातल्या तीस लेकरांची शी तिनं डब्यांत भरून नेली. तपासणी झाली तर रुद्र फरशीच्या घरांतल्या लेकरांत बसेना. तो बौद्धवाड्यातल्या लेकरांत जाऊन बसला. डब्यांची अदलाबदल झाली असावी, असं प्रियंकाला वाटलं. तातेरावांना तर खात्रीच होती. "त्या लोकायनंच बदलली असंल. आता माझ्या डोळ्यासमोर घ्या," ते म्हणाले. म्हणून ही दुसरी डबी.

महिनाभर चतुराबाई निकालाच्या धास्तीत होती. काम गेलं असतं तर हळद काढायला गेली असती, हात काही मोडले नव्हते. पण लेकरू तुटलं तर? त्याचा तिला जीव लागला होता.

प्रियंका परत आली ती हसतच. रविवार होता, सगळे ओसरीवर होते. "आजोबा, डबी बरोबरच होती! रुद्र आणि साक्षीच्या पोटातले जंतू सख्ख्या भावंडांसारखे जुळतात. एका ताटात जेवल्याशिवाय, एका अंगणात लोळल्याशिवाय असं होत नाही. आणि चांगले आहेत हो, भरपूर प्रकारचे." बिचारीला वाटलं, आपण पेढे वाटतोय.

तातेरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "चतुराबाई, कव्हापासून?"

"सहा-सात म्हयने झाले, दादा. लेकरू खातच नव्हतं. ताईला इचारा, त्यायला समदं ठाव हाये."

सगळे वैष्णवीकडं बघू लागले. ती फरशीकडं बघत म्हणाली, "मला न्हाई माहीत, मामा. मी तर दिवसभर बँकेत असते."

तातेरावांचं चतुराबाईला काही वाटलं नाही. त्या माणसाकडून तिनं कधी कसली आशाच केली नव्हती. वैष्णवीच्या त्या एका वाक्यानं मात्र काळजात सुरी फिरली.

"हे धुऊन काढायला औषध कोणतं?" तातेरावांनी विचारलं. प्रियंका म्हणाली, "अहो, हा आजार नाही, काढायचं काय त्यात?" पण ऐकतो कोण? हिंगोलीत दोन डॉक्टरांनी हात जोडले. जंतू मारायचं जालीम औषध लिहून देणारा तिसरा मिळालाच. चतुराबाईला ओसरी बंद झाली.

वीस दिवसांनी, भरदुपारी, वैष्णवीची स्कूटी चतुराबाईच्या अंगणात आली. रुद्र सोबत नव्हता. हातात स्टीलचा डबा होता.

"त्या औषधानं जुलाब लागले ते थांबेनात, मावशी. निस्ता हाडाचा सापळा झालाय. तोंडच उघडंना. तुमच्या हातचं वरण-भाकर देता का? कालवूनच द्या."

"लेकराला घिऊन या ना, ताई. मी भरविते."

"मामा घरी हायेत." वैष्णवी रडू लागली. "मी चोरून आले."

चांगलं तोंडावर थुंकावं, डबा नाल्यात फेकून द्यावा, असं चतुराबाईच्या मनात आलं. सगळे शब्द ओठांवर आले होते. पण डोळ्यांसमोर मिटलेल्या तोंडाचं लेकरू होतं. ती आत गेली, भाकरी बारीक कुस्करली, वरणात पाचही बोटांनी मऊ कालवली, डबा भरला आणि आणून दिला.

वैष्णवीनं डबा घेतला, ओढणीनं बाहेरून चारी बाजूंनी पुसला आणि मग पिशवीत ठेवला. सवयच ती; आपण काय केलं हे तिला कळलंही नाही. स्कूटी नाल्याकडं वळली. उद्या ती परत आली तर आपण परत डबा भरून देणार, हे चतुराबाईला तिथंच उभ्या उभ्या कळलं, आणि तिला वैष्णवीपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.