दुसऱ्या घरातली प्रत

रेडिओ दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या सासऱ्यांनी तीन वर्षं खपून सातशे कॅसेटींमधली गाणी कॉम्प्युटरवर उतरवली. मग त्यांची दुसरी प्रत एका हार्ड डिस्कवर घेऊन ती जावयाच्या हवाली केली. "एका घरी काही झालंच, तर दुसऱ्या घरी असावी," म्हणाले. जावयाने मान डोलावली, आणि वर्षाच्या आत सगळी गाणी पुसून तिच्यावर मारामारीचे सिनेमे भरले. म्हातारा कुठे मागायला येतोय!

रविवारी सकाळीच सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, माझ्या कॉम्प्युटरची डिस्क गेली हो. पण मी निवांत आहे. तुमच्याकडे आहे ना!"

सासऱ्यांनी दिलेली डिस्क समोरच, टीव्हीला जोडलेली होती. खरं सांगायला जावयाने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "बाबा, ती... काल हातातून पडली. चालूच होत नाही."

मग सासऱ्यांनी काळजीने विचारलं, "तुमच्या पायावर नाही ना पडली?"