आडवा वारा

हवामान कचेरीच्या साहेबांचा रुबाब असा, की वाऱ्यानंसुद्धा यांची परवानगी काढूनच सुटावं. सकाळीच रेडिओवर घसा खाकरून सांगून बसले होते, आज हवा शांत. तोंडातून गेलेला शब्द आता गिळायचा कसा? मागं एकदा यांनी वादळाची हाकाटी करून गाव घरात कोंडलं होतं आणि झाडाचं पान हललं नव्हतं. तेव्हा झालेलं हसं साहेबांच्या जिव्हारी लागलेलं.

दुपारी रडारच्या पडद्यावर गडगडाटी ढगांची रांग उमटली आणि बघता बघता धनुष्यासारखी वाकली. मधला फुगवटा तळ्याकडे धावत सुटला. तळ्याकाठी फुलांच्या प्रदर्शनाचा तंबू, आत निम्मं गाव.

"साहेब, इशारा काढू या," सहायक बाई म्हणाल्या. "रांग वाकली म्हणजे मागून वारा रेटतोय."

"तळ्यावर वाऱ्याचा वेग बघा. शून्य."

"शून्य दिसणारच. रडारला आपल्याकडे येणारा नाहीतर आपल्यापासून लांब जाणारा वारा कळतो. हा आडवा चाललाय. तुम्हीच शिकवलंत मला."

शिकवलं होतं खरं. पण एवढा मोठा माणूस स्वतःचं ऐकतो थोडाच? "तिथून प्रत्यक्ष खबर येऊ दे," साहेब म्हणाले. म्हणजे झाडं आडवी झाली, की झाडं पडतील म्हणून सांगायचं. बाईंनी मजकूर लिहून ठेवला, पण सही साहेबांची हवी.

साहेब मात्र खिडकीपाशी गेले आणि हळूच बायकोला फोन लावला. ती त्याच तंबूत गुलाबांना बक्षिसं ठरवत होती.

"अगं, गाडीत बस आणि घरी नीघ."

"का हो? सकाळी तर शांत होती तुमची हवा."

"वाद घालू नकोस. जोराचा वारा येतोय."

"आणि बाकीच्यांचं काय?"

"त्यांचं रीतसर बघतो."

"बघा सावकाश," ती म्हणाली. फोन न ठेवताच तिनं माइक धरला असावा, कारण साहेबांना तिचा आवाज लाउडस्पीकरमधून ऐकू आला. "हवामान कचेरीच्या साहेबांचा निरोप आहे. तंबू सोडा, समोरच्या शाळेत चला." खुर्च्या सरकल्या, पायांचा गलका झाला, मग काहीतरी घोंघावत आलं आणि लाइन तुटली.

साहेब पुन्हा पुन्हा नंबर फिरवत राहिले. बऱ्याच वेळानं तिचा फोन लागला.

"तंबू तळ्यात गेला. माणसं सगळी शाळेत, धड आहेत. तुम्हाला देवमाणूस म्हणतायत."

साहेबांचा जीव भांड्यात पडला, आणि पडताच छाती फुगली. "तसा अंदाज होताच माझा."

"होता ना? मग ऐका. वारा पुढं गेलाय, आणि पुढच्या गावात तुमची बायको नाही."

साहेब वळले. सहायक बाई कागद घेऊन उभ्याच होत्या, पेनाचं टोपण काढून. पहिलीच ओळ होती, सकाळचा अंदाज चुकीचा होता. ती गाळता येईल का, हे साहेबांच्या ओठांवर आलं होतं. बाईंच्या डोळ्यांकडे बघून ते मुकाट्यानं आत गेलं, आणि साहेबांनी सही केली.