दीडशे घोडे आणि वहिनी

बसा, त्या टायरवर बसा, पुसलेला आहे. तुमच्या गाडीचं ऑइल निथळेपर्यंत आमच्या मेहुण्याची फजिती सांगतो. तुमच्याच बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर राहतो बघा.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याने छोटी टर्बोवाली गाडी घेतली. दीडशे घोड्यांची ताकद म्हणे! मागे एवढा मोठा पंख लावलाय, की वाटतं कपडे वाळत घालायची सोय केली. आणि आमची वहिनी, माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको, बारा वर्षं ड्रायव्हिंग शिकवते. गाडी जुनी, साठ घोड्यांची, पण त्याच गाडीवर तिचं घर चालतं.

एकदा जेवताना हा दीडशहाणा म्हणतो, “वहिनी, ते डबडं भंगारात द्या आता. चढावर उतरून ढकलता की काय?”

वहिनी पाणी प्यायली. “रविवारी मैदानात ये. हरले तर त्याच दिवशी गाडी विकते.”

दादाचा घास हातातच राहिला. गाडी गेल्यावर ती शिकवणार कशात, खुर्चीवर बसवून?

रविवारी मी मैदानात लाल कोन मांडले. आठ वळणं. कोन पडला की वर पाच सेकंद दंड. घड्याळ माझ्या बायकोच्या हातात, म्हणजे सख्ख्या बहिणीच्या, म्हणजे नंतर कुरकुर नको. वहिनी आधी सगळा रस्ता पायी चालली, प्रत्येक वळणाशी थांबून. हा पंखाला टेकून हसत होता. “चालतच जाणार का वहिनी? बरोबर, तेच लवकर होईल!”

पहिला नंबर त्याचा. चाकं घसरू नयेत म्हणून गाडीत एक बटण असतं, ते या शहाण्याने बंद केलं. का? तर “ताकद खातं ते.” सरळ रस्त्यावर सुटला बंदुकीच्या गोळीसारखा. वळण आलं तरी पाय ॲक्सिलेटरवरच! स्टिअरिंग डावीकडे, चाकं जागच्या जागी भिरभिरतायत, गाडी नाकासमोर सरळ. तीन कोन आडवे. धूर एवढा की बायकोला खोकला लागला.

मग वहिनी. वळणाच्या आधी ब्रेक, वळून झालं की मगच पाय ॲक्सिलेटरवर. इंजिन मिक्सरसारखं घुरघुरत होतं. वाटलं, संपलं, गेली गाडी. दादाने तर डोळे मिटले.

बायकोने घड्याळ दोनदा बघितलं. “वहिनी चार सेकंदांनी पुढे.” मग भावाकडे वळली. “आणि तुझे कोन मी अजून धरलेच नाहीत, राजा.”

दादा मटकन खालीच बसला. वहिनी म्हणाली, “उठा, अकराला माझी शिकवणी आहे.” आणि गेली.

आता हा काय म्हणाला असेल? चुकलो? छे! म्हणाला, “भावोजी, ताकद कमी पडली.” दुसऱ्या दिवशी ही समोरची पेटी घेऊन हजर. आत आणखी मोठा टर्बो. “बसवून द्या, मग बघतो त्यांना.” अरे, दीडशे घोड्यांनी तुला फरफटत नेलं, आता दोनशे आणून काय थेट यमाकडे जायचंय?

मी हात लावणार नाही. एक काम करा, तुम्ही घरी जातच आहात, ही पेटी त्याच्या दारात ठेवा. आणि वहिनीच्या शिकवणीचा फोन नंबर लिहून देतो, तेवढा त्यावर चिकटवा.