उंटिणीची स्लाइड

मित्रांनो, मी एका शाळेतला जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. काडेपेटीएवढ्या चौकटीत बसवलेली रंगीत फिल्म, म्हणजे स्लाइड, माझ्या पोटात सरकवायची आणि दिवा लावायचा, की भिंतभर चित्र उमटते. तो दिवा इतका तापतो की शेजारचा छोटा पंखा सतत फिरता ठेवावा लागतो.

मी नवा होतो तेव्हा माझे फार कौतुक झाले. पण फुलाचे भाग आणि माणसाचे दात यांपलीकडे मी काही दाखवले नव्हते. मग भूगोलाच्या नव्या बाई आल्या. त्यांचे यजमान गुरांचे डॉक्टर होते. दोघे चार वर्षे मंगोलियात राहून आले होते. परतल्यावर वर्षभरातच डॉक्टर गेले, आणि बाई एक पत्र्याचा डबा घेऊन आमच्या शाळेत रुजू झाल्या. डब्यात ऐंशी स्लाइड होत्या.

दरवर्षी पाचवीचा वर्ग पडदे ओढून बसे आणि मी तो देश भिंतीवर उभा करी. कुंपणाचे नाव नसलेली गवताळ माळराने. जाड लोकरी नमद्याचे गोल तंबू, दार दक्षिणेकडे. ताखी नावाचे बुटके रानघोडे, आखूड ताठ आयाळीचे, कुणाला पाठीवर बसू न देणारे. घोड्यावरून शाळेत गेले तर घोडा बांधायचा कुठे, असे कुणीतरी हमखास विचारी आणि बाई हसत. मलाही वाटे, आपण आता नुसते यंत्र राहिलो नाही.

बासष्टावी स्लाइड दोन वशिंडांच्या, पिल्लापासून मान फिरवलेल्या उंटिणीची होती. शेजारी तंतुवाद्य घेतलेली तिथली एक स्त्री, आणि उंटिणीच्या कासेशी पिल्लू धरून बसलेले डॉक्टर. बाकीचे सगळे फोटो डॉक्टरांनी काढलेले. हा एकच बाईंनी काढला होता, म्हणून डॉक्टर दिसत ते एवढ्या एकाच चित्रात. ‘हे आमचे डॉक्टर’ एवढेच बोलून बाई पुढे सरकत.

वर्षे गेली. माझ्या पंख्यात धूळ साचली, तो कुरकुरू लागला. शिपाईमामांनी हेडसरांच्या कानावर दोनदा घातले. पुढच्या वर्षी नवा मोठा डिजिटल पडदा येणार आहे, तोवर निभावून न्या, असे सरांनी सांगितले. बाईही माझ्या आवाजावर आवाज चढवून शिकवू लागल्या.

त्या वर्षी पाचवीत एक मुलगी होती. वर्ग तिला ‘प्रश्नपेटी’ म्हणे. बासष्टावी स्लाइड लागली आणि माझी कुरकुर अचानक थांबली.

“बरं झालं, शांत झाला एकदाचा,” बाई म्हणाल्या.

पंखा अडकला होता. मुलीने विचारले, उंटीण पिल्लाला जवळ का घेत नाही? हे डॉक्टर कोण? ते घाबरले नाहीत का? बाई त्या दिवशी पुढे सरकल्या नाहीत. सांगत राहिल्या. माझे पोट भाजून निघत होते. मला ओरडता येत नव्हते, दिवा मालवता येत नव्हता. माझ्याच उजेडात, डॉक्टरांच्या हातांवर, एक तपकिरी ठिपका उमटला. मुलांना वाटले, चित्रात धूर आहे. जळका वास आला तेव्हा बाईंनी धावत जाऊन प्लग उपटला.

फिल्मला भोक पडले होते. उरले ते उंटिणीचे डोके आणि पिल्लाचे पाय.

मुलगी रडकुंडीला आली. “बाई, मी विचारत बसले म्हणून जळलं.”

 बाईंनी तिला जवळ ओढले. “वेडी आहेस का? ते माझे यजमान होते. त्यांच्याबद्दल इतक्या वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं गं.”

“मग उंटिणीनं पिल्लाला घेतलं का?”

बाईंनी पडदे उघडले नाहीत. कोऱ्या भिंतीकडे बघत त्या हलकेच गुणगुणू लागल्या, ‘खूस, खूस, खूस...’ तिथल्या बायका रुसलेल्या उंटिणीला असेच आळवतात.

“घेतलं,” त्या शेवटी म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरांच्याही.”

पुढच्या वर्षी नवा पडदा आला. त्यात उंट चालतात, घोडे धावतात. मी कपाटावर गेलो. निवृत्त होताना बाई आल्या, मला पुसले आणि शिपाईमामांना म्हणाल्या, “याला टाकू नका. याचा काय दोष?”

मित्रांनो, तुमच्या घरातले एखादे यंत्र कुरकुरू लागले, तर त्याच्यावर आवाज चढवू नका. क्षणभर थांबा, काय दुखते ते पाहा. त्याला एवढेच बोलता येते. माझा पंखा अडकणार, हे मला महिनाभर आधीपासून कळत होते. मी ते बाईंना माझ्या परीने रोज सांगत होतो.