काट्यावरचा आवाज

कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका वजनकाट्यावर माझं सॉफ्टवेअर चालतं. ट्रक काट्यावर चढला की स्पीकरमधून बाईचा आवाज येतो, "थांबा, वजन होतंय." पावती छापली की, "झालं. गाडी पुढे घ्या." हा आवाज सुचित्राचा, माझ्या बायकोचा. पैसे देऊन आवाज घ्यायची माझी ऐपत नव्हती, म्हणून मी तिलाच मायक्रोफोनसमोर बसवलं. तिने कपाळाला हात लावला, पण बोलली. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

तिचे फोटो ढीगभर आहेत, आवाज त्या काट्याशिवाय कुठेच नाही. व्हिडिओ काढायला लागलो की ती हातानेच नको म्हणायची. माझ्या जुन्या लॅपटॉपची डिस्क गेल्या वर्षी उडाली. बॅकअप घ्या म्हणून दुनियेचं डोकं खाणारा मी, माझाच बॅकअप नव्हता. कळंबोलीतली प्रत घरी आणायचं कितीदा ठरवलं. पण उलव्याच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये तो आवाज ऐकायची हिंमत होत नाही. त्यापेक्षा सर्व्हिसिंगचं निमित्त काढून काट्यावर जायचं, चहा पीत बसायचं, हे जमतं. तिथली माणसं मला फार कर्तव्यदक्ष समजतात.

दसरा होऊन आठ दिवस झाले आणि काटा चालवणाऱ्या जोतीरामचा फोन आला. "सायेब, पावत्या निघत्यात, पर काटा बोलंना झालाय. कायबी अडत न्हाई, सवडीनं या." मी ताटावरून उठलो आणि निघालो.

माझा प्रोग्रॅम सुरू झाला की आधी शोधतो, आपण स्वतः कोणत्या फोल्डरमध्ये आहोत. जो पत्ता मिळेल, तिथेच शेजारी असलेलं आवाजाचं फोल्डर उघडतो. ते नसेल तर गप्प बसतो, कारण आवाजापायी काटा बंद पडू नये, असं मीच लिहून ठेवलंय. तो पत्ता मी स्क्रीनवर आणून पाहिला. इन्स्टॉल केलेलं फोल्डर यायला हवं होतं. आलं, डेस्कटॉप. प्रोग्रॅमचं काही चुकलं नव्हतं. तो खरोखरच डेस्कटॉपवर होता, आणि शेजारी काहीच नव्हतं.

"जोतीराम, याला इथे कोणी आणलं?"

"म्याच की. खंडेनवमीला समदी साफसफाई केली. काटा धुतला, स्क्रीन पुसली. मंग म्हनलं, आतनं पन साफ करावं. ट्रकचं चित्र हाय तेवढाच आपला प्रोग्रॅम, त्यो भायेर काढून घेतला. ऱ्हायलेला कचरा टाकून दिला."

कचरा. मला त्याच्या अंगावर ओरडायचं होतं. पण तो आवाज कोणाचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं.

"रिसायकल बिन रिकामा केलास?"

तो दुखावल्यासारखा दिसला. "दिवे लागल्यावं केर भायेर टाकत्यात व्हय, सायेब? ते बी सनाच्या दिशी? म्हनलं, सकाळी टाकू. मंग ऱ्हाऊनच गेलं."

मी बिन उघडला. फोल्डर होतं. आवाजाच्या फायली जशाच्या तशा होत्या. फोल्डर परत जागेवर ठेवलं. डेस्कटॉपवरचा प्रोग्रॅम परत त्यात नेला, डेस्कटॉपवर नुसता शॉर्टकट केला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालू केला.

सळ्यांनी भरलेला एक ट्रक काट्यावर चढला.

"थांबा, वजन होतंय," सुचित्रा म्हणाली.

मी खुर्ची घट्ट धरली. माझं माणूस एवढ्या धुरळ्यात, हॉर्नच्या गोंगाटात बोलत होतं आणि मला दुसरीकडे कुठेच जायचं नव्हतं. पावती निघाली. ड्रायव्हर ती घ्यायला खिडकीशी आला.

"आल्या का ताई? लई दिस बोलल्या नाहीत. बरं नव्हतं का?"

जोतीराम खो खो हसला. "आरं येड्या, ती बाई न्हाई. मशीन हाय."

"बाई आहे," मी म्हणालो. "माझी बायको. बरं नव्हतं तिला."

जोतीरामचं हसू थांबलं. ड्रायव्हरने पावती खिशात घातली.

"आता कशा हायेत?"

"आता बरी आहे," मी म्हणालो.

"काळजी घ्या म्हणावं," तो म्हणाला आणि ट्रककडे वळला. जोतीराम माझ्याकडे बघत उभा होता. मी त्याला पुढची गाडी घ्यायला सांगितलं.