ताईबाईला मुलगी मिळाली

परदेशचे पाहुणे दरवर्षी फेब्रुवारीत यायचे. ते यायच्या आदल्या दिवशी बालगृहाचे प्रमुख लोटन सर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ताईबाईला एकच गोष्ट सांगायचे.

"दहा दिवस फक्त, ताईबाई. मेघाला समजावून ठेवा. बाकीची मुलं म्हणतात तसं तिनेही तुम्हाला मावशीच म्हणायचं."

यंदाचं हे तिसरं वर्ष. नवरा विहिरीचं खोदकाम करताना गेला, तेव्हा ताईबाई सहा वर्षांच्या मेघाला घेऊन दोंडाईच्याबाहेरच्या या बालगृहात आली होती. तिला स्वयंपाकाचं काम मिळालं आणि मेघाला खाट, शाळा, दोन वेळचं जेवण. पाहुण्यांच्या यादीत मात्र सव्वीसच्या सव्वीस मुलं अनाथ होती. खरं पाहता आई-बाप दोन्ही नसलेली तिघंच. बाकीच्यांचं कोणी ना कोणी होतं. कुणाची आई ऊसतोडीला गेलेली, कुणाचा बाप सुरतेला. लोटन सर वाईट माणूस नव्हते. आई-बापांतलं एक गेलं म्हणजे मूल पोरकंच, असं ते आधी स्वतःला आणि मग इतरांना पटवत. शिवाय अर्ध्यामुर्ध्या पोरक्या मुलांसाठी एवढ्या लांबून कोण येणार, हाही प्रश्न होताच.

यंदा पाचजण आले. त्यांच्यात बेथ नावाच्या एक बाई होत्या, निवृत्त परिचारिका, चांगल्या उंच, आणि डोळ्यांत पाणी पटकन यायचं. चर्चने त्यांना निवडून पाठवलं होतं. तिथल्या लोकांनी केक विकून तिकिटाचे पैसे उभे केले होते, हे त्या अभिमानाने सांगत. भाषेसाठी सारिका होती, जळगावला मेहरूणमध्ये इंग्रजीचे क्लास घेणारी मुलगी.

सगळी मुलं बेथबाईंच्या भोवती नाचली, गाणी म्हणाली, गळ्यात पडली. त्यांना सवय होती. मेघा तेवढी लांब उभी राहिली, आणि म्हणूनच बेथबाईंचा जीव तिच्यावर जडला. तिसऱ्या दिवशी त्या तिला घेऊन कडुनिंबाखाली बसल्या.

"तुला आई आठवते का, विचार," त्या सारिकाला म्हणाल्या.

मेघाने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "आठवते," ती म्हणाली.

"ती काय करायची तुझ्यासाठी?"

"शेवभाजी."

बेथबाईंनी रुमाल काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आग्रह धरला की या मुलीच्या आईच्या आठवणीत आज शेवभाजी व्हायलाच हवी. ताईबाईने मुकाट्याने कांदा-खोबरं भाजलं, मसाला वाटला, पाहुण्यांच्या जिभेला सोसावं म्हणून मिरची निम्मी घातली. जेवायला बसल्यावर बेथबाईंनी हळूच विचारलं, आईच्या हातची अशीच असायची का?

मेघाने घास चावला. "तिची याच्यापेक्षा तिखट राहायची," ती म्हणाली.

मग बेथबाईंना राहवेना. उठून त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि ताईबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागल्या. ताईबाईचे हात पिठाने भरलेले. कोपराने ती त्यांची पाठ थोपटत राहिली.

"ती काय म्हनी ऱ्हायनी?" तिने सारिकाला विचारलं.

"म्हणतात, या पोरीला आई नाही हे त्यांना बघवत नाही."

 ताईबाई खालच्या आवाजात म्हणाली, "मनी पोर शे ती. बठ्ठास्ले माहीत शे. फक्त यास्लेच नही."

पोर हिचीच, आणि सगळ्यांना माहीत, फक्त या पाहुण्यांनाच नाही. सारिकाने आधी तिच्याकडे आणि मग दारातून दिसणाऱ्या मेघाकडे पाहिलं. तीच हनुवटी, तेच जाड भुवयांचं कपाळ. इतके दिवस आपल्याला कसं दिसलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. बेथबाईंनी विचारलं, ही काय म्हणाली? सारिका म्हणाली, जेवण गार होतंय म्हणतात.

पुढचे दिवस बेथबाई दोघींवर नजर ठेवून होत्या. पोरगी सारखी स्वयंपाकघरात जाते, बाई तिची वेणी घालते, न सांगता तिला भाकरीचा पापुद्रा काढून देते, हे सगळं त्यांनी वहीत टिपलं. शेवटच्या दिवशी निरोपाच्या प्रार्थनेला सगळे सभागृहात जमले असताना त्या उभ्या राहिल्या. देवाने आपल्याला सात समुद्रांपलीकडून इथे का आणलं ते आज कळलं, असं म्हणून त्यांनी ताईबाईला पुढे बोलावलं, मेघालाही बोलावलं आणि मेघाचा हात ताईबाईच्या हातात ठेवला.

"या मुलीला तुझी मुलगी मानशील का? तिची आई होशील का?"

सारिकाने ते मराठीत सांगितलं. लोटन सरांनी खिशातला रुमाल काढून मान पुसली.  पुढे काय होतंय ते पाहायला मागची मुलं बाकावर चढली.

ताईबाईला हसावं की रडावं कळेना. आधी राग आला. स्वतःचीच पोर कुणीतरी आपल्याला देतंय आणि आपण हात पसरून घ्यायची. मग मेघाच्या हाताला घाम आलेला तिला जाणवला, आणि तिने ठरवलं की आता खोटं बोलायचं नाही, मग काम गेलं तरी चालेल.

"नऊ वरीस व्हई ग्यात," ती लोटन सरांकडे पाहत सावकाश म्हणाली, "मी तिनी मायच शे."

सारिकाने यावेळी काही झाकलं नाही. शब्दाला शब्द लावून इंग्रजीत सांगितलं: ती म्हणते, नऊ वर्षांपासून मीच हिची आई आहे.

लोटन सरांनी डोळे मिटले. बेथबाईंनी दोन्ही हात छातीशी नेले.

"म्हणजे ही जन्मली त्या दिवसापासून," त्या म्हणाल्या. "देवाने तेव्हाच ठरवलं होतं."

बाकीच्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. मग मुलांनी वाजवल्या. फोटो निघाले. लोटन सरांनी डोळे उघडले आणि सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या.

गर्दीत मेघाने आईचा पदर ओढला. "आता माय म्हनू का?"

"म्हन," ताईबाई म्हणाली.

पाहुणे गेले. ताईबाईचं काम गेलं नाही. उलट आता तिला कोणी काढणं शक्यच नव्हतं, कारण तिचा फोटो तिकडच्या चर्चच्या भिंतीवर लागला होता. दिवाळीच्या सुमारास पत्र आलं की पुढच्या फेब्रुवारीत बारा जण येतील आणि आणखी काही मुलांना आई मिळवून देण्याचा त्यांचा मानस आहे. लोटन सरांनी दोन रात्री विचार केला आणि गावोगाव मुलांच्या आयांना निरोप धाडले. शिंदखेड्याकडच्या, साक्रीकडच्या अकरा बायांनी कळवलं, येतो म्हणून. ऊसतोडीच्या मुकादमाकडून रजा तेवढी सरांनी मिळवून द्यावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ताईबाईसाठी बेथबाईंचं वेगळं पत्र होतं. सारिकाने ते फोनवरून वाचून दाखवलं. बेथबाईंनी लिहिलं होतं: दुसऱ्याचं मूल आपलं व्हायला वेळ लागतो, तेव्हा धीर सोडू नकोस, मुलगी सुरुवातीला हट्ट करेल, आधीच्या आईशी तुझी तुलना करेल, ते मनावर घेऊ नकोस, एक दिवस ती आपणहून तुझ्या कुशीत येईल.

मेघा शेजारी बसून आईच्या ताटातली भाकरी मोडत होती.

"काय उत्तर कळवू, मावशी?" सारिकाने विचारलं.

ताईबाईने थोडा विचार केला. बाई चांगली होती, तिचं मन मोडवेना.

"तिले सांग," ती म्हणाली, "सवय व्हई ऱ्हायनी."